मार्केट रेट फक्त साहेबालाच का?

कंपन्यांच्या साहेबांच्या पगारावर लेख आलाय, त्यात म्हणे सीईओला मार्केट रेटनं पगार द्यावाच लागतो, मग साचे बनवणाऱ्या मोल्डरला मार्केट रेट कोण देतंय ओ? बेळगावच्या उद्यमबागेत एखाद्या फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, येऊन बघा, भट्टीजवळ उभारून लोखंडाचा तापलेला रस ओततोय तो ठेकेदाराचा माणूस, कंपनीच्या हजेरीवर नावच नाही त्याचं. २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम १९७ आहे, शेअर बाजारातल्या कंपनीनं डायरेक्टरचा पगार पगाराच्या रांगेत बरोबर मधोमध येणाऱ्या कामगाराच्या किती पट ते छापायचं, पण ठेकेदाराची पोरं त्यात येतच नाहीत मग आकडा गोडच दिसणार की! डायरेक्टर लोकांच्या एकूण पगाराला नफ्याच्या ११ टक्क्यांची लिमिट आहे, ती पण शेअरहोल्डरांनी ठराव केला की ओलांडता येते. आमी बोनस मागितला की मात्र लगेच भट्टीत टाकायचं स्क्रॅप महागतंय, ऑर्डरी नसतात.