दौड चांगली झाली हे पाण्याच्या टेबलावर कळतं

बेळगावात हल्ली रविवारी पहाटे कुठे ना कुठे पाच-दहा किलोमीटरची दौड असते आणि दुपारपर्यंत फेसबुक पदकांच्या फोटोंनी भरून जातं. भरू देच. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावून एकोणिसावे आलेले फडेप्पा दरेप्पा चौगुले याच मातीतले. इथं धावण्याचं कौतुक व्हायलाच हवं. पण माझ्या मते खरी शाबासकी रात्री तीनपासून रस्त्यावर राबणाऱ्या पोरांना द्यायला हवी.

मार्ग मोजण्याचंच बघा. सायकलच्या चाकाला फेरे मोजणारा काउंटर लावतात. स्टील टेपनं मोजलेल्या किमान ३०० मीटर सरळ पट्ट्यावर तो आधी तपासून घेतात आणि मग वळणाच्या आतल्या कडेपासून ३० सेंटीमीटर अंतर ठेवून सगळा मार्ग फिरतात. वर किलोमीटरमागे एक मीटर जादा धरतात, म्हणजे मार्ग चुकूनही कमी भरू नये. धावणारा वळणं बाहेरून घेतो, शिवाय कॅम्प भागातल्या झाडांखाली मनगटावरच्या जीपीएस घड्याळाचा सिग्नल भरकटतो. म्हणून घड्याळात १०.१ किलोमीटर दिसले तर आयोजकांवर चिडू नका. उलट बरोबर १०.०० दिसले तर मार्ग आखूड असल्याची शंका घ्या! रेल्वे फाटक मात्र मार्गात नकोच. पोलीस वाहतूक थांबवतील, रेल्वे कोण थांबवणार? टिळकवाडीत मार्ग आखताना रुळांच्या अलीकडूनच वळावं.

सगळ्यात जास्त कष्ट पाण्याचे. दर दोन-अडीच किलोमीटरला एक ठिकाण लागतं. ५०० जण, दहा किलोमीटर आणि तीन ठिकाणं धरा. निम्मे लोक दोन पेले उचलतात, म्हणजे एका ठिकाणी ७५० पेले. पेल्यात १२० मिली धरलं तरी तिन्ही ठिकाणी मिळून २७० लिटर होतं. सांडलवंड धरून २० लिटरचे १६ जार तरी हवेत, शेवटच्या रेषेवरचं पाणी वेगळं. एकच टेबल मांडलं की त्यावर झुंबड उडते, म्हणून आठ-दहा मीटर अंतरानं तीन-चार टेबलं मांडावीत. कचऱ्याचे डबे टेबलापाशी ठेवले तर रिकामेच राहतात, कारण लोक पळता पळता पितात आणि पुढे जाऊन पेला टाकतात. डबे ३०-४० मीटर पुढे हवेत, नाहीतर ओल्या पेल्यांवरून मागचा घसरतो.

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. सहाला दौड सोडली तर पहिला बराच वेळ अंधारच असतो. प्रत्येक गतिरोधकावर फक्की मारून तिथं बॅटरी घेतलेला एक माणूस उभा करावा. दिशेचे फलक आणि सूचना मराठी-कन्नड दोन्हींत असाव्यात, म्हणजे गोंधळ होत नाही.

शेवटच्या रेषेवर पदकवाटप करणं ही फार ठिकाणी होणारी चूक. माणूस एकदम थांबला की रक्त पायांत साठतं, चक्कर येते. पदक, केळी, पाणी सगळं ५० मीटर पुढे ठेवा, म्हणजे तो आपोआप चालत राहतो. पण कोणी कोसळला, हाकेला ओ देत नसला आणि श्वासही नीट नसला, तर ती नुसती चक्कर समजू नका. लगेच छाती दाबायला सुरुवात करावी, मिनिटाला १०० ते १२० वेळा. म्हणून स्वयंसेवकांपैकी काही जणांना तरी हे आधी शिकवलेलं हवं. रुग्णवाहिका गर्दीत अडकणार नाही अशा जागी, तोंड रस्त्याकडे करून उभी असावी.

शेवटच्या माणसाबद्दल मात्र माझं ठाम मत आहे. ताशी सहा किलोमीटरनं झपझप चालणाऱ्याला दहा किलोमीटरला १०० मिनिटं लागतात. चालणाऱ्यांकडून पूर्ण फी घ्यायची आणि ९० मिनिटांत शेवटच्या रेषेवरची कमान उतरवायची हा अन्याय आहे. दोन तासांची मुदत ठेवा, शेवटच्या माणसामागे सायकलवर एक स्वयंसेवक ठेवा आणि तो पुढे गेल्याशिवाय पाण्याचं एकही टेबल आवरू नका.