कंसात गोंधळ

कोणी विचारलं काय करतोस, तर मी सांगतो विधिमंडळात असतो. समोरचा लगेच सरसावून बसतो, मेव्हण्याच्या बदलीचं तेवढं बघा म्हणतो. मग सांगावं लागतं की बाबा मी प्रतिवेदक, रिपोर्टर, सभागृहात जो जे बोलेल ते उतरवून घेणारा माणूस. "अच्छा, स्टेनो!" म्हणून तो जो खुर्चीत मागे रेलतो तो परत पुढे काही येत नाही. वर विचारतो, "आता तर सगळं रेकॉर्डच होतं की, मग तुम्ही लोक करता काय?"

अहो, रेकॉर्डिंगमध्ये आवाज येतो, पण तो कोणाचा ते येत नाही ना. "बसा खाली" असं सगळे एकदम ओरडतात, त्यातला नेमका कोण ओरडला ते मान न वळवता नुसत्या आवाजावरून ओळखायचं असतं. निवडणूक झाली की कितीतरी आवाज नवे. हातात आसनांचा तक्ता असतो, पण तो कामाचा कधी, तर सगळे आपापल्या जागी बसले तर, आणि तसे ते फक्त ग्रुप फोटोच्या दिवशी बसतात.

आणि आमचं टेबल कुठे असतं माहितीये? अध्यक्षांच्या आसनासमोरच्या मोकळ्या जागेत. पेपरात येतं ना, विरोधक वेलमध्ये उतरले, ते आमच्या अंगावरच उतरलेले असतात. एकाचं कोपर माझ्या वहीवर, दुसऱ्याचा फलक डोक्यावर, फाडलेल्या विधेयकाचे तुकडे कॉलरमध्ये, आणि मी चेहऱ्यावरची रेषही न हलवता लिहितोय, कारण रिपोर्टरने हसायचं नाही, दचकायचं नाही आणि वर तर बघायचंच नाही. एवढं करून पाच मिनिटांच्या पाळीत कागदावर काय उतरतं? कंसात (गोंधळ). बास. पुढचा माणूस येऊन बसतो, मी उठतो, खाली लिहितो "यानंतर श्री. अमुक" आणि तो बिचारा पुढचा गोंधळ घेतो.

शांततेत बोलणारे तरी बरे असतील असं वाटतं, पण नाही. सर आयझॅक पिटमन यांनी 1837 साली आपली लघुलिपी छापली, खुणा आवाजाच्या, बारीक रेघ म्हणजे प, तीच जाड केली की ब, आणि स्वर घाईत गाळायचे, खूण ओळीच्या वर आहे, ओळीवर आहे की ओळ कापून खाली गेलीय यावरून ते ओळखायचे. कल्पना झकासच. पण त्यांच्यासमोर मराठी आमदार नव्हता. पाणी, पण, पान आणि पुणे हे चारही एकाच खुणेचे भाऊ, आणि सन्माननीय सदस्य पाणीटंचाईवर तावातावाने बोलतायत, माझी पेन्सिल घाबरून ओळीच्या वरखाली उड्या मारतेय. संसदेत या नोकरीसाठी मिनिटाला 160 शब्दांची परीक्षा घेतात म्हणे, चिडलेल्या माणसाला हा आकडा कोणी कळवलेला नसतो.

त्यात वाक्य पूर्ण करायची पद्धत नाही. "अध्यक्ष महोदय, तो जो विषय आहे ना, तो एवढा मोठा खड्डा, अध्यक्ष महोदय, असा, इथून हा इथपर्यंत." आता हात किती पसरले होते ते मी कुठून लिहू, मला वर बघायचं नाहीये! ब्रिटनमध्ये हॅन्सार्डसाठी, म्हणजे तिथल्या संसदेच्या कामकाजाच्या छापील अहवालासाठी, केव्हाच ठरवून टाकलंय की पुनरुक्ती गाळायची, उघड चुका सुधारायच्या, पण अर्थाला हात लावायचा नाही. आम्ही पण तेच करतो. फक्त कधी कधी सगळी पुनरुक्ती गाळल्यावर खाली "अध्यक्ष महोदय" एवढंच उरतं.

खरा कस लागतो असंसदीय शब्दांना. आसनावरून आदेश होतो, तपासून पाहू आणि आक्षेपार्ह असेल तर कामकाजातून काढून टाकू. ऐकायला छान वाटतं, पण तपासायच्या आधी तो शब्द कोणीतरी नीट ऱ्हस्व-दीर्घ बघून टाइप करायला लागतो ना, तो मी. मागे असंच "हे सरकार चोर आहे" की "थोर आहे" यावर आमच्या खोलीत हेडफोन फिरत होता. पहिले साहेब म्हणाले चोर, मॅडम म्हणाल्या स्पष्ट थोर आहे, तिसऱ्यांनी डोळे मिटून परत परत ऐकलं आणि चहा मागवला. शेवटी बोलणारा कोणत्या बाकावरचा ते पाहिलं. सत्ताधारी निघाला, म्हणजे थोर. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, पण यांना मंत्रिपद मिळालेलं नाहीये. परत हेडफोन.

अशा वेळी मला इंग्रजी शब्दकोशवाल्या सॅम्युअल जॉन्सनचा हेवा वाटतो. अठराव्या शतकात लंडनमध्ये संसदेचं कामकाज छापायला बंदी होती, म्हणून एका मासिकात ते गलिव्हरच्या गोष्टीतल्या लिलिपुटच्या सभेचं म्हणून छापायचे, आणि 1740च्या दशकात हा गृहस्थ सभागृहात जवळपास पाऊलही न टाकता, दुसऱ्यांनी आणलेल्या त्रोटक टिपणांवरून खोलीत बसून अख्खी भाषणं रचायचा. लोकांना ती आवडायची पण! कोपर नाही, फलक नाही, हेडफोन नाही.

आमच्याकडे उलट असतं. भाषण आम्ही लिहितो आणि भर सदस्य घालायला बघतात. असुधारित प्रत दुरुस्तीला गेली की आकडा चुकला, गावाचं नाव चुकलं एवढंच बदलता येतं. एक दादा मात्र प्रत घेऊन स्वतःच आले, समासात एक शेर लिहिलेला.

"साहेब, हा तुम्ही म्हटला नव्हता."

"नाही म्हटला, काल सुचला नव्हता. पण भावना कालचीच आहे ना!"

नियम सांगितला, हातापाया पडलो, शेवटी शेर निघाला. पुढच्या आठवड्यात दूध दरावर बोलताना त्यांनी तो म्हटलाच, माझ्याच पाळीत, आणि शेवटच्या ओळीला वेळ संपली म्हणून माईक बंद. मी लिहिलं, (गोंधळ).