म्हातारपणी बघणार कोण, म्हणे!

आमच्या कौटुंबिक ग्रुपवर धाकट्या मामांनी तोच फॉरवर्ड तिसऱ्यांदा टाकला. सार असं: समलैंगिकता हे पाश्चात्त्य खूळ आहे, वेळेवर लग्न लावून दिलं की ते उतरतं, आणि मान्यता दिलीत तर कुटुंबव्यवस्था बुडेल, म्हातारपणी आईबापांना कोणी विचारणार नाही. मामा मोठे, म्हणून ग्रुपवर गप्प बसलो. इथे बसणार नाही.

परदेशातून आला तो कायदा. समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ इंग्रजांनी १८६०च्या दंडसंहितेत घातलं. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना ते लागू नाही, हे सुप्रीम कोर्टाकडून ऐकायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडावं लागलं.

'लग्न लावून द्या' म्हणणाऱ्यांच्या हिशोबात समोरची मुलगी कुठेच नसते. तिच्या आयुष्याचं काय, ते फॉरवर्डमध्ये शोधून सापडलं नाही. आणि 'उतरवून देतो' म्हणणाऱ्या डॉक्टरांचं म्हणाल, तर २०२२मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने असले उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत.

राहिली कुटुंबव्यवस्था. त्याआधी सुप्रीम कोर्टाच्याच २०१३च्या निकालाने ३७७ पुन्हा लागू केलं होतं, त्या खटल्यात काही आईवडील स्वतः आपल्या मुलांच्या बाजूने कोर्टात उभे होते. आपल्या मराठी रंगभूमीवरच्या चित्रा पालेकर त्यांतल्याच. २०१५मध्ये मुंबईच्या पद्मा अय्यर यांनी मुलासाठी 'वर पाहिजे'ची जाहिरात दिली, आणि त्यात अय्यर असल्यास प्राधान्य, असंही लिहिलं. त्यावरून टीका झाली, ती रास्तच. पण इतकं घरगुती खूळ पाश्चात्त्यांना सुचेल का?

आता म्हातारपण. माझे थोरले मामा 'अविवाहित', म्हणजे आम्ही तसं म्हणायचो. त्यांच्यासोबत एकतीस वर्षं एकाच घरात राहिले ते आमचे काका. आजीचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा चार मुलांपैकी तिला ठेवून घेतलं थोरल्या मामांनीच. धाकट्यांकडे जागा नव्हती. नऊ महिने मामा दुकान सांभाळायचे आणि काका आजीला. बेडपॅन, कूस बदलणं, दुपारी पाठीला पावडर, संध्याकाळी विरळ केसांची वेणी. वेणी सैल झाली की आजी ओरडायची, मग काका मुकाट्याने सोडून पुन्हा घालायचे. या दोघांच्या नात्याबद्दल ती कधी एक शब्द बोलली नाही. तिला कळलं नव्हतं, असं मी मानत नाही. दिवाळीला मुलांसाठी शर्टपीस आणायला ती मला दुकानात धाडायची आणि बजावायची, "पाच आण."

कागदावर मात्र पाचवा नव्हता. आता २०२४च्या ऑगस्टपासून निदान एवढं आहे की अशा जोडीदारांना संयुक्त खातं काढायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही, असं केंद्र सरकारने स्पष्ट केलंय. लग्नाची दारं सुप्रीम कोर्टाने १७ ऑक्टोबर २०२३ला उघडली नाहीत, ती अजून बंदच आहेत.

त्याच्या आधीची गोष्ट. थोरल्या मामांचं ऑपरेशन होतं. फॉर्मवर 'रुग्णाशी नातं' या रकान्यात काकांनी थोडं थांबून 'मित्र' असं लिहिलं. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म परत सरकवला, "घरचं कोणी नाही का?" मग कराडहून धाकटे मामा आले, सही केली आणि संध्याकाळच्या एसटीने परत गेले. रात्री उशाशी काका होते.