टीबी झाला म्हणून एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) थांबवू नका

‘एचआयव्ही असताना टीबी झाला, तर एआरटीच्या गोळ्या थांबवा, दोन्ही औषधांनी लिव्हर जातं’ असा मेसेज ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे. एचआयव्हीने प्रतिकारशक्ती घटते आणि शरीरात दबलेला टीबी डोकं वर काढतो. एआरटी थांबवली तर त्याचंच फावतं. औषधं एकमेकांत ढवळाढवळ करतात, हे मात्र खरं. टीबीवरच्या रिफाम्पिसिनमुळे एआरटीतल्या डोल्युटेग्राव्हिर या औषधाचं रक्तातलं प्रमाण घटतं. म्हणून नॅको या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे टीबीच्या उपचारादरम्यान डोल्युटेग्राव्हिरची ५० मिलिग्रॅमची जादा गोळी नेहमीच्या गोळीनंतर १२ तासांनी देतात. लिव्हरला त्रास होऊ शकतो. डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात, तर लगेच एआरटी केंद्र गाठा. मनाने काही बंद करू नका. मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.