केडगावचं काय करायचं?

भुकेल्यांना मिशनरी अन्न देतात ते फक्त बाटवायला, हे लेखातलं सरसकट विधान काही पटलं नाही. १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायका घेऊन आल्या. तेव्हा त्या ख्रिस्ती होत्याच, बाप्तिस्मा १८८३चा. पण त्याच्या कितीतरी आधी, १८७०च्या दशकातल्या दुष्काळात, त्यांचे आईवडील अन्नान्न करत वारले होते. पोटाची आग बाईंना कुणी शिकवायला नको होती. आणि अशा मुलींसाठी बाईंनी पुण्याजवळ केडगावला उभारलेल्या मुक्ती मिशनात नुसती पंगत नव्हती हो, शेती होती, विणकाम होतं, छापखानाही होता.

तिथल्या पुष्कळ मुली पुढे ख्रिस्ती झाल्या, हेही खरं. त्याआधी, विधवांसाठी काढलेल्या शारदा सदन या शाळेच्या वेळीच टिळकांनी 'केसरी'तून रमाबाईंना धारेवर धरलं होतं. जिच्या तोंडचा घास दुसऱ्याच्या हातात, तिचा होकार कितपत मोकळा, ही शंका मला रास्तच वाटते. पण त्या पोरक्या मुलींसाठी आपल्या किती वाड्यांचे दरवाजे उघडले, यावर लेखात एक ओळ नाही. ती का नाही, लेखकमहाशय?