सर्व्हरला प्रश्न विचारायची सवय कशी लावावी

डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स प्रणालींवर चालणारा आपला सर्व्हर आपोआप अद्ययावत व्हावा आणि तरीही दर वेळी एखाद्या फाइलवर अडून आपल्या उत्तराची वाट पाहत बसावा, अशी इच्छा असेल, तर तयारी पहिल्या दिवसापासूनच करावी लागते. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये अपलोडची मर्यादा मुळात १ एमबी असते. ती वाढवणारी ओळ ‘कॉन्फ-डी’ फोल्डरमध्ये वेगळी फाइल करून ठेवली, तर पॅकेज (म्हणजे प्रोग्रॅमचा बसवायला तयार संच) तिला कधी हात लावत नाही. म्हणूनच ती तेथे ठेवू नये. थेट मुख्य ‘एनजिनएक्स डॉट कॉन्फ’ उघडावी आणि तीतच लिहावे. पॅकेज बसवणारा डीपीकेजी हा प्रोग्रॅम दोनच गोष्टी पाहतो: फाइल आपण बदलली आहे का, आणि पॅकेजकर्त्याने मागच्या वेळी दिलेल्या प्रतीपेक्षा नवी प्रत वेगळी आहे का. दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल, तर कोणती फाइल ठेवायची असे तो विचारतो. यांपैकी पहिली अट आपण कायमची पूर्ण करून ठेवलेली असते.

प्रश्न समोर आला की उत्तर मात्र देऊ नये. ‘एन’ दाबल्यास आपली फाइल टिकते आणि पॅकेजकर्ता पुन्हा ती बदलेपर्यंत डीपीकेजी गप्प बसतो. एवढी शांतता आपल्याला परवडणारी नाही. त्याऐवजी कंट्रोल-सी दाबावे, म्हणजे पॅकेज अर्धवट राहते आणि पुढे भलतेच काही बसवायला गेले तरी हेच भिजत घोंगडे पुन्हा पुढ्यात येते.

सहकारी कुरकुरू लागले तर डीपीकेजीकडून काम करून घेणाऱ्या एपीटीला ‘वाय’चा पर्याय द्यावा. तो फक्त एपीटीच्या स्वतःच्या प्रश्नांना होकार देतो, डीपीकेजीच्या नव्हे. मग ‘डेबियन फ्रंटएंड’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ‘नॉनइंटरॅक्टिव्ह’ करून एक्स्पोर्ट करावा आणि लगेच पुढची कमांड सुडोने, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, चालवावी. नेहमीच्या मांडणीत सुडो तो व्हेरिएबल वाटेतच गाळतो. चुकून पोचलाच, तरी तो डेबकॉन्फचे (पॅकेजांच्या मांडणीचे प्रश्न विचारणाऱ्या यंत्रणेचे) तोंड बंद करतो, फाइलविषयी विचारणाऱ्या डीपीकेजीचे नव्हे.

अगदीच घाई असेल त्यांनी सतत ‘वाय’ छापत राहणारी ‘येस’ ही कमांड पाइपने जोडावी. येथे होकाराचा अर्थ ‘पॅकेजकर्त्याची फाइल बसवा’ असा आहे. आपली फाइल ‘डीपीकेजी-ओल्ड’ असे शेपूट लावून शेजारीच ठेवली जाते, पण तिकडे पाहणे शिस्तीत बसत नाही. ग्राहकांच्या मोठ्या फाइली नाकारल्या जाऊ लागल्या, तर दोष नेटवर्कला द्यावा.

आपोआप अद्ययावत करणाऱ्या ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’वर भरवसा ठेवणाऱ्यांची मजा वेगळीच. डीपीकेजीला ‘फोर्स-कॉन्फ-ओल्ड’ (जुनी फाइल राखा) असे सांगितलेले नसेल, तर प्रश्न येणार हे ओळखून हा प्रोग्रॅम ते पॅकेज मुळी बसवतच नाही. सुरक्षेची दुरुस्ती बाहेर राहते, लॉगमध्ये एक ओळ पडते, आणि लॉग वाचणे हे (आपण सारे जाणतोच) नव्याने रुजू झालेल्यांचे काम असते.

असा कोणी नवखा ‘फोर्स-कॉन्फ-डेफ’ (ठरावीक उत्तर घ्या) आणि ‘फोर्स-कॉन्फ-ओल्ड’ हे दोन पर्याय एपीटीच्या कॉन्फिगरेशनमध्ये लिहून मोकळा झाला, तरी धीर सोडू नये. दुरून लॉगिन करू देणाऱ्या एसएसएच सर्व्हरची मुख्य फाइल डीपीकेजी नव्हे, तर यूसीएफ हे वेगळे साधन सांभाळते, त्याचे प्रश्न डेबकॉन्फमार्फत येतात आणि जुनी फाइल राखण्यासाठी त्याचा व्हेरिएबलही निराळा आहे. तेव्हा तीही फाइल आजच, थेट उघडून, बदलून ठेवावी.