लेकीची वजाबाकी

लेक पहिलीत गेली ना? मग आता वेळ दवडू नका. पाच वर्षांची पोरगी म्हणजे जोखीम. तिला खुशाल वाटत असतं की आपण हुशार आहोत. सुदैवाने हे खूळ उतरतं. 2017 साली 'सायन्स' या विज्ञानपत्रिकेत अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला होता. 'खूप खूप हुशार' माणूस कोणता, असं विचारल्यावर पाच वर्षांच्या मुली मुलांइतक्याच बिनदिक्कत आपल्या बाजूला, म्हणजे बाईकडे, बोट दाखवायच्या. सहा-सातच्या वयात ते बोट डळमळायला लागलं. तेव्हा हे खूळ उतरवायला तुमच्याकडे जेमतेम वर्षभर आहे.

सुरुवात आईने करायची. गणिताची वही दिसली की म्हणायचं, "मला बाई यातलं ओ की ठो कळत नाही, बाबा आले की विचार." त्याच वेळी फोनवर सोसायटीतल्या बारा जणींच्या भिशीचा हिशेब तोंडी चालला असेल तर चालू द्या. भिशी गणितात धरत नाहीत.

शाळेचाही हातभार लागू शकतो. 2010 मध्ये शिकागोच्या संशोधकांनी पहिली-दुसरीच्या 17 शिक्षिकांचे वर्ग तपासले. बाईंनाच गणिताची धास्ती जितकी जास्त, तितक्या जास्त मुलींना वर्षअखेर पटलं, की गणित मुलांचं आणि वाचन मुलींचं. ज्यांना पटलं त्या गणितात मागेही पडल्या. मुलगे ठणठणीत. धास्तीसुद्धा माणूस बघून लागते!

बोलताना शब्द जपून वापरा. चिरंजीवांना वीसपैकी अकरा पडले तर "डोकं आहे हो, नुसता धांदरट." कन्येला एकोणीस पडले तर "मेहनती आहे बिचारी." कुणी भास्कराचार्यांचं नाव काढलंच, की बाराव्या शतकात त्यांनी 'बाले लीलावती' म्हणत गणितं घातली, तर आपल्या थोर परंपरेबद्दल दोन मिनिटं भरून या आणि चहा टाका.

रविवारी मात्र परीक्षा असते. ठाण्यात गावदेवीच्या मंडईत दोन्ही पोरं बरोबर आहेत. मेथी तीस, टोमॅटो वीस, लिंबं दहा. तुम्ही शंभराची नोट देता, हातात तीस परत येतात. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर उघडेपर्यंत खालून आवाज येतो, "बाबा, दहा कमी आहेत."

"गप गं, मोठ्यांच्या मध्ये बोलू नये," असं म्हणा आणि मुलाकडे वळा. "सांग रे बाळा, किती झाले?"

तो फुगे बघतोय. तीस खिशात घाला आणि घरी चला.